मद्यपी वाहनचालकाचे वकीलपत्र घ्यावे का?

पिंपळपार (धागालेखक)

गेली एकोणीस वर्षे मी तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो आहे. मागच्या महिन्यात घरच्या कार्यात माझ्या चुलत बहिणीने सर्वांसमोर विचारले की, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना सोडवून आणल्यावर तुला झोप कशी लागते. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी अवश्य लिहावे.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दारू पिण्याला शिक्षा सांगत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवण्याला सांगते. म्हणजे या गुन्ह्याचा गाभा एक आकडा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दोष सिद्ध झाल्यास किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्रता, असे परिणाम ज्या आकड्यावर अवलंबून आहेत, तो आकडा कोणी, कशाने आणि कोणत्या अवस्थेत मोजला हे विचारणारा एक माणूस न्यायालयात असलाच पाहिजे. तोंडाला वास येत होता, पाय लटपटत होते, बोलणे अडखळत होते, एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असे धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई कारियानी प्रकरणात १९७१ सालीच सांगितले आहे.

माझा एक अशील टेम्पोचालक होता. नाकाबंदीत त्याने यंत्रात फुंकर मारली आणि आकडा ३८ आला. यंत्राच्या तपासणीच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती, छापील पावती दोषारोपपत्रासोबत नव्हती आणि रक्त घेतलेच गेले नव्हते. त्याने संध्याकाळी घेतली होती, हे त्याने मला कार्यालयात सांगितले होते. तो प्यालेला नव्हता असे मी न्यायालयाला एकदाही सांगितले नाही. मोजमाप सिद्ध झालेले नाही एवढेच सांगितले, आणि ते खरे होते. अशील दोषी आहे असे वकिलाला स्वतःला वाटत असले तरी पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये म्हणून त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात. मी तेवढेच केले आणि त्याची मला लाज वाटत नाही.

रानवाट

आपण सभ्यपणे लिहिले आहे, म्हणून मीही तसेच लिहिण्याचा प्रयत्न करते.

२०१७ साली माझा धाकटा भाऊ कामावरून दुचाकीने परतत असताना समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारीने त्याला उडवले. चालकाला उभे राहता येत नव्हते, हे तेथे जमलेल्या पंधरा-वीस लोकांनी पाहिले. त्याचे रक्त घेतले गेले, अहवालही आला, पण कुपीवरील मोहोर आणि कागदावरील मोहोरेचा नमुना जुळत नाही एवढ्या एका मुद्द्यावर त्याच्या वकिलांनी तो अहवाल बाजूला ठेवायला लावला. राहिला निष्काळजीपणा, आणि त्याचा झाला दंड.

ती मोहोर माझ्या भावाने लावली नव्हती. आम्ही त्या खटल्यात पक्षकारही नव्हतो. सरकारी वकिलांच्या मागे बाकावर बसून ऐकत होतो. पोलिसाने चूक केली तर तिची किंमत पोलिसाने मोजावी, हे मला समजते. ती मेलेल्याच्या घराने का मोजावी, याचे उत्तर आपल्या लेखात नाही. आपण म्हणता की आपण खोटे बोलला नाहीत. पण जे खरे आहे हे आपल्याला ठाऊक होते, ते न्यायालयापर्यंत पोचू नये यासाठी आपण आपली सगळी बुद्धी वापरलीत. माझ्या लेखी या दोन गोष्टींत फारसे अंतर नाही.

रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो आणि अशा शेकडो कुप्या मी भरल्या आहेत, म्हणून मोहोर आणि कुपी याविषयी थोडे सांगतो.

रक्त घेण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसायची नसते, कारण त्यातच अल्कोहोल असते. कुपीत सोडियम फ्लोराइड असावे लागते. ते नसेल तर जंतूंमुळे नमुन्यातच अल्कोहोल तयार होऊ शकते किंवा असलेले कमी होऊ शकते. आपल्या राज्यात १९५९ चे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम आहेत आणि त्यांनुसार नमुना सात दिवसांत तपासणी अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. आता रात्रीचे दोन वाजले आहेत, एकच डॉक्टर आहे, प्रसूतीची केस टेबलावर आहे आणि हवालदार आरोपीला घेऊन उभा आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. परिचारिका सवयीने स्पिरिटचा बोळाच पुढे करते. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी तोच वापरला. न्यायालयात एका वकिलाने मला त्याबद्दल अर्धा तास उभे-आडवे विचारले आणि आरोपी सुटला. त्या संध्याकाळी मला त्या वकिलाचा संताप आला होता. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या विभागात त्वचा पुसण्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली वेगळी ठेवली गेली आणि पुढे माझा एकही अहवाल त्या कारणाने पडला नाही.

रानवाट यांच्या दुःखापुढे हे बोलणे कोरडे वाटेल याची मला जाणीव आहे. तरीही मोहोरेला क्षुल्लक म्हणू नये अशी माझी विनंती आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. ज्या मोहोरेवर बचावाचा वकील बोट ठेवतो, तीच मोहोर नमुना बदलू पाहणाऱ्याच्या आड येते.

मात्र धागालेखकांनी एक गोष्ट सांगितली नाही. रक्तातील अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे ताशी साधारण १० ते २० मिलिग्रॅमने उतरत असते. अपघाताच्या वेळी ६० असलेला माणूस अडीच-तीन तासांनी कायद्याच्या मर्यादेत बसू शकतो. त्यामुळे उशिराचा फायदा जवळजवळ नेहमी चालकालाच होतो, आणि हे ठाऊक असल्यानेच काही वकील मध्यरात्री फोनवरून ‘आधी छातीत दुखते म्हणून सांग’ असा सल्ला देतात. त्याला मी बचाव म्हणणार नाही.

सरळरेषा

मी वाहतूक शाखेतून निवृत्त झालो आहे. डॉक्टरांशी मी सहमत आहे, वकीलसाहेबांशी नाही.

नाकाबंदीत पकडलेल्या दहांपैकी बहुतेक जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात आणि दंड भरून निघून जातात, कारण त्यांना रोजंदारी बुडवून तारखा करता येत नाहीत. पावती, प्रमाणपत्र, मोहोर हे प्रश्न ज्याच्या खिशात वकिलाची फी आहे त्याच्याच खटल्यात विचारले जातात. टेम्पोचालकाचे उदाहरण आपण दिलेत, ते अपवादाचे आहे.

दुसरे असे की, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मधील दोन तासांची तरतूद आम्हाला न्यायालयात वारंवार ऐकवली जाते. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे, एवढेच तेथे म्हटले आहे. खटलाच संपला असे म्हटलेले नाही. तरीही ‘दोन तास उलटले, आरोप गेला’ असे ठासून सांगणारे वकील मी पाहिले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने फुंकरीच्या यंत्राबरोबर प्रयोगशाळेची चाचणीही कलम १८५ मध्ये स्पष्टपणे आली. कायदा एकेक फट बुजवतो आहे, आणि आपल्या व्यवसायातील माणसे पुढची फट शोधत आहेत.

पिंपळपार

सरळरेषा यांचे दोन तासांविषयीचे म्हणणे बरोबर आहे. तो युक्तिवाद मीही पूर्वी केला आहे आणि तो कायद्याच्या शब्दांत बसत नाही, हे मान्य करतो. छातीत दुखल्याचे सोंग करायला सांगणे तर पुरावा नष्ट करायला सांगण्यासारखेच आहे. त्याची बाजू मी घेणार नाही. गरिबाला हे प्रश्न विचारता येत नाहीत ही तक्रारही खरी आहे, पण त्यावर उपाय विधी सेवा समितीचा वकील पहिल्या तारखेला त्याच्या शेजारी उभा करण्याचा आहे, श्रीमंताचा वकील काढून घेण्याचा नाही.

रानवाट, आपल्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. मुंबईच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. त्या खटल्यातही आरोपीच्या वकिलांनी पुराव्यावर सर्व बाजूंनी प्रश्न विचारले. पण रक्ताचा अहवाल टिकला आणि सदोष मनुष्यवधाची शिक्षा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. तुमच्या भावाच्या खटल्यात त्या मोहोरेवर प्रश्न विचारायचाच नाही असे ठरले असते, तर पुढच्या खटल्यात निरपराध माणसाच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याच्या कुपीवर लागली असती तेव्हाही तो विचारता आला नसता.

रानवाट

कार्टर रोडचा अहवाल टिकला, कारण ते काम करणाऱ्यांनी ते नीट केले. आमच्याकडे केले नाही. आपला प्रश्न चूक होता असे मी आता म्हणत नाही. पण मोहोर जुळत नाही असे ठरल्यावर ती का जुळली नाही, हे त्या न्यायालयात कोणीही विचारले नाही. ना आरोपीच्या वकिलांनी, ना सरकारी वकिलांनी, ना न्यायाधीशांनी. त्या हवालदाराची साधी चौकशीही झाली नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता, त्याचे दोन ओळींचे उत्तर माझ्याकडे आहे. आपण एकोणीस वर्षांत अशी किती प्रकरणे लढलात, आणि सुटकेनंतर त्या चुकीविषयी पोलीस अधीक्षकांना एकदा तरी पत्र लिहिलेत का, एवढे मला सांगावे.

पिंपळपार

नाही, एकदाही लिहिले नाही. टेम्पोचालकाच्या खटल्याचा निकाल माझ्याकडे आहे आणि त्यात यंत्राच्या मुदतीविषयी न्यायाधीशांचे स्पष्ट निरीक्षण आहे. अशिलाची सुटका कायम झालेली असल्याने निकालाची प्रत पाठवण्यात त्याचे काही नुकसान नाही. सोमवारी ती जोडून पत्र पाठवतो आणि पोच आली की येथे कळवतो.