क्रिनॉइडचा जीवाश्म नवख्यांना कसा समजावून सांगावा? सल्ला हवा

खडकवेडी:
जीवाश्मांची हौस असलेल्यांचा आमचा छोटा गट आहे. पुढच्या बैठकीत क्रिनॉइडची (तारामाशाच्या नात्यातला, बहुधा देठावर उभा राहणारा समुद्री प्राणी) ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. येणारे सगळे नवखे, जीवशास्त्राशी संबंध शाळेबरोबर सुटलेला. हाताशी देठाच्या सुट्या चकत्या भरपूर आहेत, चार-पाच चकत्या अजून जोडलेल्याच असलेले काही तुकडे, आणि एकच बऱ्यापैकी शाबूत पेला (देठावरचा पेल्यासारखा धडाचा भाग, ज्याला भुजा फुटतात). सगळ्या भागांची नावं लिहिलेली मोठी आकृती लावायला नको वाटतं, लोक वाचत बसतात आणि दगडाकडे बघतच नाहीत. सुरुवात कुठून करू? आणि नावं किती सांगू?

गाळ_आणि_चुना:
चकतीपासून. आकृती अगदी शेवटी, किंवा नाहीच.

प्रत्येकाच्या हातात एक चकती आणि दहापट भिंग द्या, आणि दोन मिनिटं काही बोलू नका. मधलं भोक सगळ्यांनाच दिसतं. ते देठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, त्यातून मज्जातंतू आणि इतर ऊती जायच्या. भोकाभोवती कडेपर्यंत बारीक रेघा दिसतील, त्या उंचवट्याच्या आहेत. शेजारच्या चकतीवरच्या खाचांत त्या बसायच्या, म्हणून देठ थोडा वाकायचा पण पिळला जायचा नाही. जोडलेला तुकडा इथे दाखवा. कडेला नागमोडी सांधा दिसतो, तो याच रेघांचा.

मग विचारा, या चकत्यांना धरून काय ठेवत होतं? अस्थिबंध. प्राणी मेला की ते कुजतात आणि काही दिवसांत-आठवड्यांत सगळा सांगाडा विखुरतो. तुमच्याकडे चकत्या ढीगभर आणि पेला एकच का, याचं उत्तर लोक स्वतःच देतील. अखंड नमुने मिळतात ते जिवंतपणी किंवा मेल्या मेल्या गाळाखाली गाडले गेले तिथे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं क्रॉफर्ड्सव्हिल त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

एखादी तुटकी चकतीही ठेवा. तुटलेली बाजू सपाट, तिरकी आणि चकाकणारी असते, कारण प्रत्येक चकती हा कॅल्साइटचा (चुनखडीतलं मुख्य खनिज) एकच स्फटिक आहे. जिवंतपणी तो सच्छिद्र होता आणि छिद्रांत ऊती होत्या. पुरल्यावर त्या जागी आणखी कॅल्साइट भरलं. तारामासा, समुद्री अर्चिन यांच्या सांगाड्याचीही हीच घडण, त्यामुळे नातं सांगायला वेगळा तक्ता लागत नाही.

पाण्याखालचा:
चकतीपासून सुरुवात मला पटत नाही. देठ, पेला, तळाशी मुळांसारखी पकड असं ऐकलं की ही वनस्पती आहे हे डोक्यात पक्कं बसतं, मग ते काढायला वेळ जातो. आधी जिवंत फेदर स्टारची (हाही क्रिनॉइडच) मिनिटभराची चित्रफीत दाखवा. भुजा हलताना दिसल्या की वाद संपला.

मग एकच वाक्य सांगा: तारामाशाचं तोंड खाली असतं, क्रिनॉइडचं वर. बाकी सगळं त्यातून निघतं. भुजांना बारीक उपशाखा असतात, त्यांना पिन्यूल म्हणतात. त्यांवरचे नळीपाय (बारीक मऊ नळ्यांसारखे पाय) पाण्यातले कण पकडतात आणि खाचांमधून ते तोंडाकडे ढकलले जातात. प्रवाहात हा प्राणी भुजांचा पंखा उघडतो, पण तोंडाची बाजू प्रवाहाला पाठ करून ठेवतो. हे ऐकून बहुतेक जण चमकतात.

आणि गुदद्वारही वरच्याच बाजूला, तोंडापासून फार लांब नाही! कित्येक जुन्या जातींत ते एका उंच नळीच्या टोकावर किंवा बाजूला असतं. प्लॅटिसेरस गटातल्या गोगलगायी नेमक्या त्या छिद्रावर ठाण मांडलेल्या जीवाश्मांत सापडल्या आहेत. हे जरूर सांगा, हशा पिकतो आणि वरची बाजू कुठली ते कोणी विसरत नाही.

गाळ_आणि_चुना:
चित्रफीत मान्य. पण फेदर स्टारला देठ नसतो, हा प्रश्न लगेच येईल. उत्तर तयार ठेवा: पिल्लाला असतो, मोठं होताना ते देठ सोडून देतं. देठवाले क्रिनॉइड आजही आहेत, पण बहुतेक खोल पाण्यात.

खडकवेडी:
ठरलं, आधी चित्रफीत, मग चकत्या. पेल्याचं काय करू? त्यावरच्या पट्ट्या मलाच गोंधळात टाकतात.

पाटी_पेन्सिल:
वरून खाली मोजा. भुजा जिथून फुटते तिच्या लगेच खालची पट्टी म्हणजे रेडियल, अशा पाच. त्यांच्या खाली, दोन रेडियलच्या मधल्या फटीत बसलेल्या त्या बेसल. पहिल्या दिवशी एवढी दोनच नावं. काही जातींत बेसलच्या खाली आणखी एक वर्तुळ असतं, ते कोणी विचारलं तरच सांगा. एकवर्तुळी-द्विवर्तुळी प्रकारांत शिरलात तर बैठक हातची गेली.

नमुन्यावर काही रंगवू नका. फोटो मोठा छापा आणि त्यावर रेडियल एका रंगाने, बेसल दुसऱ्या रंगाने भरायला द्या. रंगवता रंगवता कोणीतरी म्हणेल की एका बाजूला एक पट्टी जास्तीची आहे. जुन्या क्रिनॉइडमध्ये बहुधा ती गुदद्वाराची बाजू असते आणि पाचाची सममिती तिथेच मोडते. ती शोधायला लावा, सांगू नका.

भुजा गळलेला पेला लोक हमखास उलटा धरतात. देठ चिकटला होता त्या जागी गोल वण असतो, ती खालची बाजू.

वादळवारा:
मध्येच विचारतो. शिंगाच्या आकाराच्या पोवळ्यालाही आडवं कापलं की मध्याकडे जाणाऱ्या रेघा दिसतात. फरक कसा ओळखायचा? व्हिनेगर टाकून?

गाळ_आणि_चुना:
व्हिनेगर नको. दोन्ही कॅल्साइटचीच, दोन्ही फेसाळतील, शिवाय नमुन्याचा पृष्ठभाग खराब होईल तो वेगळाच. पोवळ्यातल्या रेघा म्हणजे आत खोलवर गेलेल्या उभ्या भिंती असतात, पोवळं एका टोकाला निमुळतं होतं आणि त्याला आरपार भोक नसतं. क्रिनॉइडच्या रेघा फक्त चकतीच्या दोन्ही पृष्ठांवर असतात. तुटलेली बाजू असेल तर तिच्यावरची सपाट चकाकी पाहा.

काळाचा उल्लेखही करा, पण दोन वाक्यांत. ऑर्डोव्हिशियनच्या सुरुवातीपासून, म्हणजे सुमारे ४८ कोटी वर्षांपासून हे प्राणी आहेत. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या शेवटी ते जवळपास संपले होते, आजच्या सुमारे ६०० जाती त्यातून वाचलेल्यांच्या वंशातल्या.

पाण्याखालचा:
आणि देठ नेहमी तळाशीच रोवलेला नसायचा. जर्मनीतल्या होल्ट्समाडेनला ज्युरासिक काळातले सायरोक्रायनस तरंगत्या ओंडक्यांना चिकटलेले सापडलेत.

खडकवेडी:
एक शेवटचं. माझ्याकडच्या एका तुकड्यात चकत्या नाहीतच, पोकळीत नुसता आटे पाडल्यासारखा दांडा उरलाय. हा क्रिनॉइडच का?

गाळ_आणि_चुना:
हो. मधलं भोक आणि त्याला लागून चकत्यांमधल्या फटी आधी भरल्या गेल्या, मग चकत्यांचं कॅल्साइट विरघळून गेलं. आटे म्हणजे त्या फटींत भरलेला भाग. इंग्लंडात यांना डर्बीशायर स्क्रू म्हणतात. हा तुकडा चकत्यांच्या नंतर हातात द्या आणि यात चकती कुठे होती ते त्यांनाच दाखवायला सांगा.