कपाटातल्या शेतीचा पंखा झोपू देत नाही, उपाय सुचवा (बजेट २००० रु.)

कोथिंबीरवाला: डोंबिवली, वन बीएचके, भाड्याचं घर. बेडरूममधल्या जुन्या लोखंडी कपाटात (३×२×६ फूट) लेट्यूस आणि मुळा, मोहरी, मेथीचे मायक्रोग्रीन्स (आठ-दहा दिवसांत कापून खायची कोवळी रोपं) लावलेत. ६० वॅटचे दोन एलईडी. वरचा पत्रा कापून स्वयंपाकघरात लावतात तो सहा इंची एक्झॉस्ट बसवलाय. खोलीत २९ अंश असेल तर कपाटात ३१. पंखा बंद केला की ३८, लेट्यूस मान टाकतं. दिवसा खोलीच तापते म्हणून दिवे रात्री लावतो. बायको म्हणते, पिठाच्या गिरणीत झोपल्यासारखं वाटतं. भिंतीला भोक पाडता येणार नाही. २००० च्या वर जाणं शक्य नाही.

गच्चीवाली: बाल्कनीत ठेवा की सरळ. देवाने फुकट ऊन दिलंय.

कोथिंबीरवाला: ताई, बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे. आणि कबुतरं.

स्मार्ट_सुहास: मी ईसी मोटरचा (इलेक्ट्रॉनिक, वेग हवा तसा बदलता येणारी) सहा इंची इनलाइन डक्ट फॅन, म्हणजे पाइपात बसणारा पंखा घेतला, सोबत वास शोषणारा कार्बन फिल्टर आणि आवाज दाबणारा सायलेन्सर. मोबाइलवरून स्पीड बदलतो. सगळं मिळून साडेचौदा हजार. चालू आहे हेच कळत नाही. क्वालिटीला पैसे मोजावेच लागतात.

खवचट_खानदेशी: मेथीसाठी कार्बन फिल्टर? सुहासभाऊ, नक्की काय पिकवताय? 😄

स्मार्ट_सुहास: मिरची आणि तुळस. फोटो टाकू का?

खवचट_खानदेशी: टाका. पोलीसही बघतील.

वायरमन_काका: विषयावर या रे. कोथिंबीरवाले, दिव्याला जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, एलईडी असला तरी. १२० वॅट म्हणजे १२० वॅटची शेगडीच कपाटात. हिशोब सोपा: वॅट गुणिले ३, भागिले किती अंश वाढ चालेल. तुम्हाला २ अंश हवेत, म्हणजे तासाला १८० घनमीटर हवा. एक दिवा काढलात तर ९० पुरते. मायक्रोग्रीन्सना इतका उजेड लागतच नाही. हवा निम्मी म्हणजे पंखा निम्म्या वेगाने, आणि निम्म्या वेगाला आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. खर्च शून्य.

लसूणघास: रेग्युलेटर लावू नका! मी गोल बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला, पंखा हळू झाला पण मोटर घुंऽऽ करायला लागली. आधीचा आवाज बरा होता. दुकानदार म्हणे, 'साहेब, पंख्याचाच दोष.'

वायरमन_काका: तो ट्रायकवाला, विजेची लहर कापून वेग कमी करतो म्हणून मोटर गुणगुणते. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला घ्यायचा, तो सहसा गुणगुणत नाही.

लसूणघास: दोनशे रुपये गेले ते गेलेच.

नीला_मु: त्या एक्झॉस्टला वेगळं करा आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे १२० किंवा १४० एमएमचे पंखे लावा, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्त मिळतात. दोन मोठे पंखे सावकाश फिरवणं हे एक छोटा जोरात फिरवण्यापेक्षा शांत. खोक्यावर पंखा किती हवा फेकतो त्याचे आकडे मोकळ्या हवेतले असतात, जाळी लावली की हवा कमी येते. नॉक्टुआ या महागड्या ब्रँडच्या वाटेला जाऊ नका, एकाच पंख्यात बजेट संपेल.

स्मार्ट_सुहास: नॉक्टुआच घ्या. माझ्या पीसीत सहा आहेत.

गच्चीवाली: माझ्या भाचीने तिच्या खोलीत केशर लावलं होतं. एसी लागतो म्हणे.

खवचट_खानदेशी: झालं, आता एसी पण २००० मध्ये बसवा.

पत्रेवाला_नाशिक: पंखा थेट पत्र्यावर स्क्रूने आवळलाय ना? मग निम्मा आवाज पंख्याचा नाही, पत्र्याचा आहे. अख्खं कपाट थरथरतं. स्क्रू काढा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मध्ये घाला किंवा पंखा इलॅस्टिकने लटकवा. आणि खाली हवा आत यायला भोक केवढं आहे? बाहेर काढायच्या भोकाच्या दुप्पट हवं, नाहीतर पंखा नुसता शिट्टी मारतो.

कोथिंबीरवाला: खाली भोकच नाही. दाराच्या फटीतून येते ती हवा.

पत्रेवाला_नाशिक: 🙏

आटपाट_अमेरिका: आमच्याकडे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये ठेवतात. थंडच असतं, पंखा लागत नाही.

वायरमन_काका: डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बेसमेंट कुठून आणायचं? अजून एक: दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) वेगळा असेल तर तो कपाटाबाहेर काढा, तेवढी उष्णता कमी. पण लक्षात घ्या, पंख्याने खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. मे महिन्यात लेट्यूस कडू होऊन फुलावर जाणारच. तेव्हा नुसता मुळा-मोहरी लावा.

नीला_मु: काकांना +१. आणि पीसी पंखे.

लसूणघास: रेग्युलेटर सोडून काहीही.

कोथिंबीरवाला: सगळ्यांचे आभार. एक दिवा काढायला मन होत नाही, नुकताच घेतलाय. लॅमिंग्टन रोडला जायला रविवार मोडतो. शेवटी कपाटाची दोन्ही दारं काढली, मच्छरदाणीची जाळी लावली आणि पंखाच काढून टाकला. दिवे आता दिवसा टायमरवर, आम्ही दोघंही ऑफिसला असतो तेव्हा. खर्च ११० रुपये. दुपारी ३४ जातं. लेट्यूस बहुतेक मरेल, बायकोला तसंही आवडत नव्हतं.

वायरमन_काका: मग विचारलंत कशाला?

पत्रेवाला_नाशिक: दारं भंगारात देऊ नका, ट्रे ठेवायला फळ्या होतील.

हिरवा_माठ: मस्त धागा. मलाही असंच कपाट करायचंय. पंखा कोणता घेऊ?

स्मार्ट_सुहास: ईसी मोटरचा इनलाइन. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.