शब्दचर्चा : फसवणूक, ठकवणूक आणि अपहार

प्रश्न : निफाडकडच्या एका परिचित द्राक्ष बागायतदाराचे पैसे व्यापाऱ्याने थकवले. त्यांनी पोलीस ठाण्यात ‘माझी फसवणूक झाली’ असा अर्ज दिला, तेव्हा ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. भारतीय दंड संहितेच्या मराठी अनुवादात मात्र मला ‘ठकवणूक’ हा शब्द दिसला. फसवणूक आणि ठकवणूक यांत खरोखर काही फरक आहे की ही केवळ अनुवादकाची आवड आहे? आणि ‘अपहार’ या दोहोंहून वेगळा कसा?

उत्तर : फरक आहे, आणि आपल्या परिचितांचा अर्ज अडला तो नेमक्या याच फरकावर. ‘फसवणे’ हे ‘फसणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे, आणि फसण्याला कोणाच्या कपटाची गरज नसते. बेत फसतो, प्रयोग फसतो, गाडीचे चाक वाळूत फसते. त्यामुळे बोलीत ‘फसवणूक’ म्हणताना आपण मुख्यतः ज्याचे नुकसान झाले त्याच्या बाजूने बोलत असतो. शब्द देऊन न पाळणारा, तोंडाला पाने पुसणारा, मुळातच लुबाडायला आलेला, या सगळ्यांना आपण तोच शब्द लावतो. ‘ठकवणे’ या क्रियापदात मात्र ‘ठक’ आधीपासून बसलेला आहे. कोणी आपोआप ठकत नाही. ठकवणारा असावाच लागतो. अनुवादकाने हा शब्द निवडताना एवढा विचार केला होता की नाही, हे ठरवण्याचे कारण नाही, पण निवड चपखल आहे एवढे खरे.

१८६० च्या दंड संहितेत ठकवणुकीची व्याख्या कलम ४१५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३१८ मध्ये आहे आणि तिचा गाभा तोच आहे. आधी कोणाची तरी दिशाभूल झालेली असावी लागते. त्या दिशाभुलीमुळे, कपटाने किंवा अप्रामाणिकपणे, त्या व्यक्तीला मालमत्ता देण्यास किंवा ती दुसऱ्याला ठेवू देण्यास प्रवृत्त केलेले असावे लागते. अथवा तिने एरवी केली नसती अशी कृती तिच्याकडून जाणूनबुजून करवून घेतलेली असावी लागते, आणि त्या कृतीने तिच्या शरीराला, मनाला, लौकिकाला वा मालमत्तेला हानी पोचलेली किंवा पोचण्याचा संभव असावा लागतो. वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवून ठेवणे हीसुद्धा दिशाभूलच, असे स्पष्टीकरण कायद्यानेच दिले आहे. मालमत्ता म्हणजे केवळ रोकड नव्हे. पदवीधर नसताना तसे भासवून विद्यापीठाकडून परीक्षेचे प्रवेशपत्र मिळवू पाहणाऱ्या अर्जदाराला सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठकवणुकीच्या प्रयत्नाबद्दल दोषी धरले, कारण ते प्रवेशपत्र म्हणजेही मालमत्ता ठरली.

आता आपल्या परिचितांची अडचण. कलम ४१५ खालच्या उदाहरणांत नीळ पुरवण्याचे एक उदाहरण आहे. माल देण्याचा मुळीच इरादा नसताना तो देण्याचा विश्वास निर्माण करून आगाऊ रक्कम उचलली, तर ती ठकवणूक. पण रक्कम घेताना माल देण्याचा इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर ती ठकवणूक नव्हे, त्यासाठी फक्त दिवाणी दावा. नुकसान दोन्हीकडे सारखेच, फरक इराद्याच्या वेळेचा. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा यांच्या प्रकरणात हेच अधोरेखित केले, की अप्रामाणिक हेतू सुरुवातीला, म्हणजे प्रवृत्त करतानाच असायला हवा. पुढे वचन पाळले गेले नाही एवढ्यावरून तो होता असे गृहीत धरता येत नाही.

शंका : मग तर प्रत्येक लबाड व्यापारी ‘तेव्हा माझा पैसे देण्याचाच विचार होता’ असे म्हणून सुटेल. मनातला इरादा दाखवायचा कसा?

खुलासा : मनात डोकावून कोणीच पाहू शकत नाही, इरादा आजूबाजूच्या वागण्यावरून काढला जातो. व्यापाऱ्याने बागेत येऊन सौदा करताना सांगितलेला गाळ्याचा पत्ता खोटा निघाला, दिलेला धनादेश आधीच बंद झालेल्या खात्याचा होता, त्याच पंधरवड्यात त्याने शेजारच्या गावांतून त्याच पद्धतीने माल उचलला होता, तर या गोष्टी माल उचलण्यापूर्वीच्या किंवा त्या वेळच्या आहेत, आणि त्यांना वजन आहे. उलट तोच व्यापारी तीन हंगाम पैसे चुकवत आला असेल आणि यंदा बाजार पडल्यावर थकला असेल, तर तुमचा राग कितीही रास्त असला तरी ठकवणूक दाखवणे अवघड. बहुतेक अर्ज मालाचे वजन, भाव आणि थकलेली रक्कम एवढ्यावरच थांबतात, सौद्याच्या वेळी समोरचा काय म्हणाला हे त्यांत नसते. मग ठाणे अंमलदाराला तो उधारीचाच वाद वाटला, तर सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. अर्थात दखलपात्र गुन्ह्याची हकीकत स्पष्टपणे सांगूनही ‘दिवाणी, दिवाणी’ म्हणत टोलवणारी ठाणी नाहीत, असेही नाही.

‘अपहार’ हा शब्द वेगळ्या घराण्यातला. पतसंस्थेच्या सचिवाकडे रक्कम रीतसर सोपवलेली असते. ती येताना कोणाची दिशाभूल झालेली नसते. नंतर त्याने ती स्वतःकडे वळवली, की तो विश्वासभंग, अनुवादाच्या भाषेत फौजदारीपात्र न्यासभंग, नव्या संहितेचे कलम ३१६. ठकवणुकीत कपट आधी आणि मालमत्ता नंतर. न्यासभंगात मालमत्ता आधी, अप्रामाणिकपणा नंतर. म्हणून त्याच व्यवहाराबद्दल एकाच वेळी दोन्ही गुन्हे लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात बजावले आणि कलमे यांत्रिकपणे जोडण्याच्या सवयीवर नाराजी व्यक्त केली. ‘फसवणूक व अपहार’ ही बातम्यांतली जोडगोळी मात्र बहुधा तशीच चालू राहील.

शिक्षेचे थोडक्यात : साध्या ठकवणुकीला पूर्वी एक वर्षापर्यंत कैद होती, आता तीन वर्षांपर्यंत आहे, तोतयेगिरी करून केलेल्या ठकवणुकीला पाच वर्षांपर्यंत, ठकवून अप्रामाणिकपणे मालमत्ता द्यायला लावल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे शेवटचे म्हणजेच जुने ४२०. नव्या संहितेत एकंदर कलमेच ३५८ असल्याने त्या आकड्याला आता तिथे जागा नाही, तरी ‘तीनशे अठरा’ म्हणून कोणाला शिवी बसेल असे वाटत नाही.

आपल्या परिचितांकडे न वटलेला धनादेश असेल, तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ निराळे आहे. तिथे सुरुवातीचा कपटी हेतू सिद्ध करावा लागत नाही. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम आली नाही, तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते. पोलीस ठाण्यातल्या अर्जाची वाट पाहताना ही मुदत निघून जाऊ देऊ नये.