टाइम ट्रॅव्हलवाली ऐतिहासिक कादंबरी : नायिकेला पुढचं सगळं माहीत असेल तर गोष्ट उरते कुठे?

कोरा_कागद
मंडळी, एका ठिकाणी घोडं अडलंय, जरा डोकं लावा. कादंबरी लिहितेय. आजच्या काळातली एक पुरातत्त्वाची अभ्यासक इसवी सन ७९ मधल्या पॉम्पेई या रोमन शहरात जाऊन पडते, शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून ते गाडलं जायच्या काही महिने आधी. तिथे राहते, ओळखीपाळखी होतात, एका घरातल्या लोकांत जीव गुंततो, इथपर्यंतचं लिहून झालंय आणि ते मला स्वतःला आवडतंय पण. आता प्रॉब्लेम असा की डोंगर फुटणार हे हिला माहितीये. तिने सांगितलं आणि माणसं वाचली तर इतिहासच बदलला, मग ज्या उत्खननात ती शिकली ते उत्खनन तरी तसं होईल का, आणि नाही झालं तर ही तिथे पोचली कशी, म्हणजे तोच तो आजोबाला मारलं तर नातू कुठून आला टाइप घोळ. नाही सांगितलं तर बाई दगडाच्या काळजाची वाटते. आणि तिने सांगितलं पण कोणी ऐकलंच नाही असं दाखवलं तर ती मला लेखकाची पळवाट वाटते, दहा हजार माणसांतल्या एकालाही पटू नये?
दुसरं, ती गेली कशी हे सांगायलाच पाहिजे का? मशीन, बोगदा, वीज पडली, काहीतरी? मैत्रिणीने वाचून सरळ सांगितलं की टाइम ट्रॅव्हल काढून टाक, साधी ऐतिहासिक कर, चांगली आहे. पण मला ती बाई हवीये.

उगाच_विचारतो
पॉम्पेईच का? आपल्याकडे टाइम ट्रॅव्हल म्हटलं की माणूस थेट पानिपतावर जातो :)

कोरा_कागद
म्हणूनच नको होतं. पानिपतावर गेलं की वाचक पहिल्या पानापासून निकाल बदलायची वाट बघत बसतो. इथे निकाल लागायला लढाईच नाहीये, डोंगराशी कोण वाटाघाटी करणार.

सनावळी
कुठली तारीख धरलीये? २४ ऑगस्ट असेल तर थांबा, कारण तुमच्या अडचणीचं अर्धं उत्तर तिथेच आहे.
२४ ऑगस्ट येते धाकट्या प्लिनीच्या, म्हणजे हे सगळं डोळ्यांनी बघितलेल्या रोमन लेखकाच्या पत्रातून. तो तेव्हा १७-१८ वर्षांचा, खाडीच्या पलीकडच्या टोकाला मिसेनमला होता, त्याचा मामा थोरला प्लिनी जहाजं घेऊन मदतीला गेला आणि परत आला नाही. पण पत्र त्याने इतिहासकार टॅसिटसला लिहिलं पुष्कळ वर्षांनी, आणि आपल्या हातात आहेत त्या मध्ययुगात केलेल्या नकला, त्यातही तारीख सगळीकडे एकसारखी नाही. उत्खननात मात्र शरद ऋतूच्या खुणा निघत राहिल्या, डाळिंबं, सीलबंद केलेली नवी वाइन, शेकोटीची भांडी. मग २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली ओळ सापडली, तिच्यावरची तारीख आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबर. वर्ष लिहिलेलं नाही, पण कोळशाचं अक्षर भिंतीवर किती टिकणार, म्हणून ते त्याच वर्षाचं असावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं. त्यामुळे आता २४ ऑक्टोबरकडे कल आहे पण वाद मिटलाय असं नाही.
आता तुमची बाई अभ्यासक, म्हणजे तिला हा वाद माहीत असणारच. तिच्याकडे एक तारीख नाहीये, दोन आहेत. आणि "शरदापर्यंत कधीतरी" म्हटलं तर कोण घर सोडेल? लोकांना दिवस सांगावा लागतो. समजा ती धोका नको म्हणून आधीची तारीख सांगते. पाचपन्नास जण खरंच बाहेर जातात, २४ ऑगस्ट उजाडतो, मावळतो, डोंगर हिरवागार जागच्या जागी, लोक परत येतात. ऑक्टोबरात ती पुन्हा बोलायला लागते तेव्हा तिचं कोणी का ऐकावं? यात पळवाट कुठे आली, तिची पत तिनेच घालवली, तीसुद्धा सद्हेतूने. माझ्या मते कादंबरी या दोन महिन्यांत आहे, डोंगर फुटतो त्या दिवसात नाही.

उगाच_विचारतो
पण आधीच निघून गेले तर वाचलेच की. परत कशाला येतील?

सनावळी
दुकान, घर, देणीघेणी, गुलाम, म्हातारी आई, सगळं उचलून कोण किती दिवस बाहेर राहील? आणि त्या लोकांचा अनुभव बघा ना. ६२ साली (काही जण ६३ म्हणतात) तिथे मोठा भूकंप झालेला, रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने लिहिलंय त्याबद्दल, सहाशे मेंढरांचा कळप मेला वगैरे. शहराची वाताहत झाली, काही जण कायमचे निघून गेले, बाकीच्यांनी पुन्हा बांधायला घेतलं, ७९ मध्येसुद्धा दुरुस्त्या चालूच होत्या. म्हणजे राहिले ते "आपण यातूनही तरलो" म्हणणारे. शेवटच्या दिवसांत हादरे बसत होते त्याबद्दल प्लिनी म्हणतो की कॅम्पानियात, म्हणजे त्या भागात, हे नेहमीचंच म्हणून कोणी फार घाबरलं नाही. तुमच्या बाईला नियती आडवी येत नाही, सवय येते.
जाता जाता, ती जूनच्या आधी पोचली तर गादीवर सम्राट व्हेस्पेशियन पाहिजे. तो जूनमध्ये वारला, मग त्याचा मुलगा टायटस. आणि कोणी "आज सन ७९" म्हणणार नाही, तेवढं सांभाळा. घड्याळाचे तासही आपले नाहीत, सूर्योदय ते सूर्यास्त बारा भाग, म्हणजे उन्हाळ्यातला तास लांब आणि थंडीतला आखूड.

बोरू
मी मैत्रिणीच्या बाजूने. टाइम ट्रॅव्हल घुसलं की ऐतिहासिक कादंबरीत एक शहाणा प्राणी येतो, आजचा माणूस, तो तिथल्या सगळ्यांना अडाणी ठरवतो आणि वाचक त्याच्या खांद्यावर बसून माना डोलावतो. मार्क ट्वेनच्या कादंबरीतला यँकी (१८८९) घ्या, आर्थर राजाच्या काळात जाऊन पडलेला अमेरिकन, तो तरी मुद्दाम टिंगल करतोय हे मान्य, पण जिवावर बेतल्यावर पठ्ठ्याला नेमकं आठवतं की २१ जून ५२८ ला खग्रास सूर्यग्रहण आहे, मग राजाला धमकी, मग सुटका. त्या दिवशी प्रत्यक्षात असलं ग्रहण नव्हतंच ते सोडा, पण मला सांगा कोणाला आठवतं हो असं? कोलंबसने २९ फेब्रुवारी १५०४ ला जमेकात चंद्रग्रहणाची हीच युक्ती केली, पण त्याच्याकडे छापील पंचांग होतं! तुमच्या बाईच्या हातात काय आहे? तिला लॅटिन येतं ते शिलालेख वाचण्यापुरतं, बाजारात कोणी घाईत बोललं की दोन वाक्यांत पितळ उघडं. त्यात तिथे ग्रीक चालायची, ऑस्कन ही तिथली जुनी भाषाही पुरती विसरली गेली नसणार.
आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कोणी बोलत नाहीये. अनोळखी, एकटी, घराणं सांगता न येणारी, तोडकंमोडकं बोलणारी बाई रोमन शहरात दिसली तर लोक काय समजतील? पळालेली गुलाम. पाहुणी वगैरे कोणी समजणार नाही. "एका घराशी ओळख होते" हे तुम्ही एका वाक्यात उरकलंय पण ती त्या घरात कोण म्हणून राहते?

कोरा_कागद
@बोरू लागलं हे. सध्या ती मालकिणीच्या मुलीला सांभाळते असं आहे, पगारी असल्यासारखं. तुम्ही म्हणता ते खरं धरलं तर ती त्यांच्या मालकीची होते आणि मग ज्यांना वाचवायचं त्यांच्यात तिचे मालक आले. सगळा पोतच बदलतो.
म्हणजे काढूनच टाकू म्हणता का तिला?

बोरू
आता नका काढू, आत्ता कुठे ती कामाची झाली. ऑक्टेव्हिया बटलरची किंड्रेड (१९७९) याच कारणासाठी चालते. १९७६ मधली काळी लेखिका गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते, कशी जाते हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, यंत्र नाही न् बोगदा नाही, आणि ते विचारायचं सुचतही नाही कारण तिथे पाय टेकल्यापासून तिच्याकडे काय नजरेने बघतात हाच प्रश्न जास्त मोठा. तिला इतिहास माहिती असतो आणि त्या माहितीचा चाबकापुढे काही उपयोग नसतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं, मशीन द्यायचं तर चोख द्या, नाहीतर अजिबात नको. अर्धवट क्वांटम-बिंटम शिंपडलेलं सगळ्यात वाईट.

भिंगरी
अर्धवट क्वांटम ऐकून आलेच :)
घोळाबद्दल बोलते. ढोबळमानाने दोन रस्ते. एक, इतिहासाला फांदी फुटते. नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवा (पानिपत आलंच शेवटी!), त्यातल्या जगात विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा होतो. तिथे जाणारा आपलं जग बिघडवत नाही, दुसऱ्याच जगात पोचतो. हा रस्ता घेतला तर पॅराडॉक्स नाही पण तुमच्या कथेची धारही जाते, कारण आपल्या जगातली पॉम्पेईची माणसं मेलीच.
दुसरा रस्ता, काळ एकच, आणि मागे जाऊन जे काही कराल ते आधीपासूनच झालेलं आहे. इगोर नोविकोव्ह नावाच्या रशियन भौतिकशास्त्रज्ञाचं तत्त्व आहे हे, विसंगती निर्माण करणारी घटना घडूच शकत नाही. लोकांना वाटतं यात पात्राचे हात बांधले जातात. पण कशाने बांधले जातात ते बघा, जे घडलं त्याने. जे घडलं त्यातलं आपल्याला ठाऊक किती? पॉम्पेईत आजवर साधारण अकराशेच्या वर माणसांचे अवशेष मिळालेत. वस्ती दहा-बारा हजार असावी असा अंदाज. शहराचा तिसरा हिस्सा अजून खणलेलाच नाही. म्हणजे पुष्कळ लोक निसटले असणार, आणि त्यांची यादी कोणाकडेही नाही. पॉम्पेईतली घराणी नंतर नेपल्स, पुझ्झुओली, ओस्तिया इथल्या शिलालेखांत सापडलीयेत. ते का वाचले? कोणी सांगितलं त्यांना निघा म्हणून? नोंद नाही. तुमच्या बाईने चारशे माणसं बाहेर काढली तरी इतिहासाच्या पुस्तकातलं एक अक्षर बदलत नाही! फक्त ज्यांचे सांगाडे तिने स्वतः पाहिलेत त्यांना ती वाचवू शकत नाही.

सनावळी
@भिंगरी वा. आणि त्यात अजून एक गाठ मारता येईल. तिथे एक प्रसिद्ध साचा आहे, राखेत हाडांभोवती उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने १८६३ पासून जे करायला सुरुवात केली त्या पद्धतीचा, सोन्याचं कडं घातलेली व्यक्ती आणि जवळ लहान मूल. इतकी वर्षं सगळे आई-लेकरू म्हणत आले. २०२४ मध्ये डीएनए तपासला तर ती व्यक्ती पुरुष निघाली, आणि मुलाशी रक्ताचं नातंही नाही. समजा तुमची बाई त्याआधी शिकलेली आहे, म्युझियममध्ये तो साचा बघून रडलेली आहे, आणि ७९ मध्ये ती त्या आईला शोधत फिरतेय जी कधी नव्हतीच.

कोरा_कागद
सनावळी, हे मी चोरणार, आधीच सांगून ठेवते. ती कोणाला वाचवू शकत नाही हे तिने पाहिलेल्या सांगाड्यांवर ठरतं, पण सांगाडा कोणाचा हे तिला चुकीचं शिकवलेलं. म्हणजे कोण वाचणार नाही हे तिला माहीत आहे असं फक्त तिला वाटतं... बाप रे.
म्हणजे ती शिकलीये २०१८ च्या आधी की नंतर हेही ठरवायला हवं. आधी धरली तर तिच्याकडे फक्त ऑगस्ट, नंतरची धरली तर दोन तारखा. मला दोन तारखावालीच जास्त आवडतेय, जीव टांगणीला लागतो. २०१९ मधून पाठवते तिला.

भिंगरी
प्रत्यक्ष दिवसाबद्दलही लिहून ठेवते कारण सिनेमात बघून सगळे एका मिनिटात लाव्हा आणतात. लाव्हाने नाही मेले ते. दुपारी एकच्या सुमारास ढग वर चढला, छत्रीसारख्या पाइन झाडाच्या आकाराचा असं प्लिनी लिहितो. वारा आग्नेयेकडे होता म्हणून हलके दगड आणि राख पॉम्पेईवर, संध्याकाळ-रात्रभर पडत राहिलं. या तासांत चालत बाहेर पडता येत होतं. जे "थांबेल थोड्या वेळात" म्हणून घरात शिरले त्यांच्यावर छपरं कोसळली, आणि उरलेल्यांवर दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट आले. जवळच्या हर्क्युलेनियम गावाला उलटं, दिवसा फारसं काही पडलं नाही पण रात्री लोट तिथे आधी पोचला, किनाऱ्यावरच्या होडीघरांत तीनेकशे सांगाडे मिळालेत, बहुतेक होडीची वाट बघत थांबलेले.
तारीख चुकली तरी बाईकडे एक गोष्ट पक्की आहे बघा. ढग दिसला की घरात लपू नका, आत्ताच्या आत्ता निघा. हे सांगायला तारीख लागत नाही, फक्त तेव्हा कोणीतरी ऐकणारं लागतं, आणि ऑगस्टात हसं झालेल्या बाईचं कोण ऐकेल तर माझं मत त्या घरातले बाकीचे गुलाम, मालक नाही.

बोरू
हे बेस्ट. त्यांना तिच्या भविष्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, मालक छपराखाली लपलेत आणि दरवाजावर कोणी नाही एवढं पुरे.

उगाच_विचारतो
एक शंका. संवाद लॅटिनमधले ना सगळे, मग मराठीत ते कसे लिहिणार? "हे आर्ये" वगैरे?

कोरा_कागद
नाही हो! सध्या साधंच ठेवलंय, मुलगी तिच्याशी "ए चल ना" असं बोलते. पण मैत्रीण म्हणाली त्याने रोम वाटत नाही.

बोरू
ठेवा तसंच. त्या गावच्या भिंतींवर हजारो ओळी खरडलेल्या सापडल्यात, निवडणुकीचा प्रचार, शिव्या, अमका तमकीच्या प्रेमात आहे, भावांनो त्यात आर्ये कुठेच नाही. फक्त बाईची वाक्यं पहिले काही महिने आखूड आणि चुकीची लिहा, बाकीचे फाडफाड बोलतात आणि ही क्रियापद शोधतेय असं. आणि मालकिणीच्या मुलीचं वय काय ठेवलंय? सहासात असेल तर भाषा तिच्याकडूनच शिकेल ही, मग मोठ्यांशी बोलताना पण लहान मुलीसारखं बोलेल, त्यातून मजा येईल.

कोरा_कागद
सहा. आत्ताच बदलते तो प्रसंग, पहिल्या भेटीत फारच अस्खलित बोललीये ती.