'दोगू'ला मराठीत काय म्हणावे?

मधुरा: जपानच्या प्रागैतिहासिक जोमोन काळावरील लेखाचा अनुवाद करताना 'दोगू' या शब्दापाशी अडले आहे. या भाजलेल्या मातीच्या, बहुधा स्त्रीरूपी आकृती आहेत. मी 'मृण्मूर्ती' लिहिले, तर संपादकांनी 'मातृदेवता' केले. आपण काय लिहाल?

श्रीरंग: 'मातृदेवता' हा निष्कर्ष आहे, नाव नव्हे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत पुरलेली शिरविहीन स्त्रीप्रतिमा सापडली, तेव्हापासून आपल्याकडे हा शब्द फार सहज वापरला जातो. जोमोन लोकांचा एकही लिखित शब्द उपलब्ध नसताना त्यांची देवता आपण ठरवू नये.

वसुधाताई: माझ्या मते 'पार्थिव' हाच नेमका शब्द आहे. 'दोगू'मधील पहिले चिन्ह मातीचे आहे आणि पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. आमच्या घरी गणपतीला आजही पार्थिव मूर्तीच म्हणतात.

श्रीरंग: ताई, व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु वर्तमानपत्राच्या वाचकाला पार्थिव म्हणजे मृतदेह. शिवाय प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन हे सारे त्या शब्दासोबत येते.

वसुधाताई: वर्तमानपत्रांनी अर्थ आकसवला म्हणून मूळ अर्थ सोडून द्यायचा का? असे करत गेलो तर निम्मा शब्दकोश हातातून जाईल.

मधुरा: आणखी एक अडचण आहे. जपानच्या यामानाशी प्रांतातील शाकादो येथे १,११६ दोगू मिळाले आणि ते जवळजवळ सगळे तुकड्यांत आहेत. त्यांना मी 'खंडित' म्हटले आहे.

श्रीरंग: 'खंडित' नको. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेतून बाद होते, तर इथे मोडणे हाच विधीचा भाग असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. नागानो प्रांतातील चिनो येथे २००० साली मिळालेल्या मुखवटाधारी दोगूचा उजवा पाय धडापासून वेगळा केलेला होता, तरी तो त्याच खड्ड्यात होता. मोडून झाल्यावरही ती आकृती जपून पुरण्याजोगी राहिली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हणून 'मोडलेली' लिहा.

इरावती: सरसकट 'मोडलेली' मात्र लिहू नका. त्याच चिनोतील तानाबाताके येथे १९८६ साली मिळालेला २७ सेंटीमीटरचा दोगू जवळजवळ अखंड आहे. तोही वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत, खड्ड्यात आडवा ठेवलेला होता.

वसुधाताई: म्हणजे मातीचे मातीला परत दिले. तरीही तुम्हाला 'पार्थिव' चालत नाही?

श्रीरंग: परत दिले की मृताच्या सोबतीला ठेवले? दोन्ही खड्डे दफनांच्या परिसरातच होते.