हर्गेसाला जाताना मुलाला कुळाची नावं शिकवावीत का?

मदत हवी आहे. आम्ही लंडनला असतो. नवरा सोमाली, त्याचं घराणं सोमालीलँडमधल्या हर्गेसा शहराचं. डिसेंबरात आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच तिकडे नेतोय. सासूबाईंचा आग्रह आहे की नातवाला बाप, आजा, पणजा अशी थेट मूळपुरुषापर्यंतची ‘अब्तिरसी’, म्हणजे पूर्वजांच्या नावांची साखळी, तोंडपाठ हवी. नवऱ्याचा ठाम नकार. सोमालियातल्या १९९१नंतरच्या यादवीत माणसं कूळ विचारून मारली गेली, ते विष मुलात नको म्हणतो. मला दोघांचंही मनापासून पटतं. पणजोबांपर्यंतची नावं मी शिकवली, पण सासूबाईंना ती अपुरी वाटतात. ‘आपल्या गोत्रासारखंच’ असं कृपया सांगू नका. कारण सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, संसदेतल्या जागाही कुळांनुसारच वाटल्या गेल्या आहेत. तिकडे राहून आलेल्यांना विचारते: कोणी मुलाला थेट कूळ विचारलं, तर काय उत्तर दिल्यास मोठ्यांना उद्धटपणा वाटणार नाही?