शब्दचर्चा: 'दिवास्वप्न' म्हणजे दुपारची झोप?

आबोली (फोंडा): पणजीतल्या एका व्हिडिओ मांडणशिल्पासाठी मराठी फलक लिहून देते आहे. अंधारी खोली, एक बाकडं, समोर भिंतभर पडदा. कॅमेरा आधीच्या क्षणाचं चित्र आणि आत्ताचं चित्र यांतला फरक मोजत राहतो. फरक कमी होत गेला, म्हणजे बसलेला माणूस स्वस्थ झाला, की पडद्यावरच्या माडाचा ढग होतो, ढगाची होडी होते. खिशातून मोबाइल काढला की सगळं विरतं, नुसता माड उरतो. मन भरकटू देण्यालाही मोल आहे, हे त्यातून सांगायचंय. मी शीर्षक दिलं 'दिवास्वप्नांचं मोल'. बाबांना वाचून दाखवलं. ते वैद्य. म्हणाले, "दुपारी झोपा असं कशाला सांगतेस लोकांना? कफ वाढतो." चरकात खरंच तो अर्थ आहे. आता काय लिहू?

पेडणेकर मास्तर: बाय, बाबा बरोबर सांगतात. 'स्वप्' म्हणजे झोपणे. त्यामुळे संस्कृतात स्वप्न म्हणजे झोपही आणि झोपेत दिसतं तेही. चरकाने दिवसा झोपायची मुभा दिली ती मुख्यतः ग्रीष्मात. पण आपला 'मनोराज्य' हा सुंदर शब्द घरात असताना दुसरा शोधायचाच कशाला?

आबोली: मास्तर, आधी तोच लिहिला होता. पण 'मनोराज्य करत बसू नकोस' हे लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की त्या शब्दातच चापट आहे. आणि बाकीचे तरी काय? हवेत इमले, मनात मांडे, शेखमहंमदी बेत. सगळी बोलणीच. या गोष्टीला कौतुकाचा एकही शब्द नाही आपल्याकडे?

साखळीकर: मनात मांडे खाण्यात कुचेष्टा आहे हे मला कधीच पटलं नाही. माझी आजी बेळगावकडची. मांडा करायचा म्हणजे हातावर झेलत झेलत पदर वाढवायचा, फाटू द्यायचा नाही, उपड्या खापरावर टाकायचा. लग्नकार्याशिवाय कोण करणार? ज्यांच्या घरी गहू नव्हता त्यांनी ते मनात केले नि मनातच खाल्ले. माझ्या मते म्हण तिथून आली, आणि तिच्यात भूक आहे. लोकांनी नंतर तिची थट्टा केली.

पेडणेकर मास्तर: पुरावा?

साखळीकर: आजी.

म्हादई: 'तंद्री' चालेल का? वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं. पहाटे तीनच्या सुमाराला झांजेच्या लयीत मन कुठल्या कुठे जातं, आणि तरी टाळ चुकत नाही. आम्ही त्याला तंद्रीच म्हणतो. त्यात कुणी कुणाला रागावत नाही.

आबोली: शब्द आवडला, पण बाबा लगेच म्हणाले, तंद्रा हे लक्षण आहे, सुस्तीचं!

रायबंदर: ताई, तुमच्या फलकात 'भरकटणं' आहे ते आधी काढा. भरकटते ती होडी, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात भीती ऐकू येते. 2010 साली अमेरिकेत लोकांना फोनवरून दिवसभर विचारत राहून एक पाहणी झाली. जागेपणीचा सुमारे 47 टक्के वेळ मन हातातल्या कामावर नसतं आणि तेव्हा माणसं कमी सुखी असतात, असा निष्कर्ष निघाला. ते भरकटणं. तुम्हाला म्हणायचंय ते 'रमणं'. दोन्हींना एकच शब्द लावला की मोल कशाला आहे तेच कळत नाही.
आणि 'मांडणशिल्प' का? शिल्प हाताला लागतं. पडद्यावरच्या उजेडाला शिल्प कसं म्हणायचं? सगळे इन्स्टॉलेशन म्हणतात, तेच लिहा.

पेडणेकर मास्तर: सगळे म्हणतात म्हणून? हरवळ्याच्या लेण्यांत जाऊन उभे राहा. तिथे दगड काढून टाकून पोकळी घडवली आहे. जागा घडवणं हेही शिल्पच, मग ती अंधारी खोली का नाही? उलट 'इंटरॅक्टिव्ह'ला जे 'परस्परसंवादी' म्हणतात ते मला खटकतं. इथे कुणी बोलतच नाही.

म्हादई: मग 'प्रतिसादी' म्हणा. माणूस थांबला की चित्र प्रतिसाद देतं.
पण मला वेगळंच आठवलं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचे अभ्यासक आबे फारियांचा पुतळा आहे ना, बाईसमोर हात पसरून उभे असलेले? ते कांदोळीचे. 1819 साली पॅरिसमध्ये त्यांचं फ्रेंच पुस्तक निघालं, 'सोमेय ल्युसीद'वर, म्हणजे संमोहनात लागणाऱ्या, भान शाबूत असलेल्या झोपेवर. त्यांचं म्हणणं, संमोहन करणाऱ्याच्या हातात काही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. तुमच्या बाकड्यावर नेमकं तेच चाललंय. त्या 'सोमेय ल्युसीद'ला मराठीत काय म्हणाल?

पेडणेकर मास्तर: 'जागृत निद्रा' म्हणावं तर वदतोव्याघात होतो. 'सजग निद्रा' बरं.

साखळीकर: निद्रा कशाला? सरळ 'लख्ख झोप'.

पेडणेकर मास्तर: लख्ख ऊन पडतं, भांडं लख्ख होतं. झोप लख्ख कशी होईल?

साखळीकर: मास्तर, 'लख्ख आठवतं' म्हणतोच की आपण. आठवणीला चालतं, मग झोपेला का नाही?